स्त्रीवाद लोकांना चांगलाच समजला आहे

‘मी काही स्त्रीवादी नाही, पण...’ अशी प्रस्तावना करून समान वेतनाची किंवा मुलींच्या शिक्षणाची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या स्त्रिया दर महिला दिनी भेटतात. त्यावर स्त्रीवादी मंडळींचे उत्तर ठरलेले असते: लोकांचा गैरसमज झाला आहे, स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष नव्हे, हे नीट समजावून सांगितले की विरोध मावळेल. मला हे निदान पटत नाही. स्त्रीवाद लोकांना पुरेपूर समजला आहे, आणि तो अमलात आणायचा तर कोणाच्या पदरचे किती जाईल याचा हिशेबही घरोघरी मांडून झाला आहे.

जिथे काहीच जात नाही, तिथे विरोधही नसतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम राज्य सरकारने बंधनकारक केला, तेव्हा समाजमाध्यमांवर कौतुकच अधिक झाले. निर्णय चांगलाच आहे. पण त्याने कोणाच्या शेताचा बांध इंचभरही सरकला नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली होती, मात्र तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली आणि त्या वेळी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. आता तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसावे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे चढलेली असतात आणि वर्षश्राद्ध उरकते न उरकते तोच हक्कसोडपत्राचा दिवस ठरतो. बहिणी आधार कार्ड आणि फोटो घेऊन सकाळच्या एसटीने येतात, भाऊ चहा-नाश्त्याचे अगत्याने बघतो, साहेब ‘राजीखुशीने ना?’ असे विचारतात, माना हलतात, अंगठे उमटतात आणि संध्याकाळी साडीचोळी होते. (याच भावाच्या बायकोचा माहेरी हिस्सा निघत असेल, तर मात्र त्याला कायदा कलमांसकट पाठ असतो.)

सही करणारी बहीण अडाणी नसते. पुष्कळदा ती शिक्षिका असते, बचत गटाची अध्यक्ष असते. हिस्सा मागितला तर माहेर तुटते आणि उद्या सासरी काही विपरीत घडले तर परतायला दार उरत नाही, हे तिला कोणत्याही व्याख्यात्यापेक्षा अधिक चांगले कळते. ‘मी स्त्रीवादी नाही’ हे तिचे वाक्य मला म्हणूनच दांभिक वाटत नाही. ते दार उघडे राहावे म्हणून भरलेला तो हप्ता आहे.

पती व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धच्या कलमाच्या (पूर्वीचे भारतीय दंड संहितेतील 498अ, 2024 पासून भारतीय न्याय संहितेत) गैरवापराची तक्रार या वादात हटकून येते. खोट्या फिर्यादी होतात आणि त्या करणाऱ्यांवर कारवाई व्हावी, यात मला शंका नाही. पण सहीला बसलेल्या त्या बहिणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

राहिली सूचना नाव बदलण्याची. ‘मानवतावाद म्हणा, लोक ऐकतील’ हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली, तेव्हा स्त्रीवादाचा उच्चारही न करता अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी स्वखुशीने आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला, जे शहरातल्या कोणत्याही परिसंवादाला जमलेले नाही. मात्र तिथेही देणारा पती होता, घेणारी पत्नी होती आणि जमीन त्याच घरात राहणार होती. बहिणीचा वाटा हा त्या मोहिमेचा विषयच नव्हता. तो असता, तर त्याच गावांनी इतक्या उत्साहाने सह्या केल्या असत्या का, याविषयी मला दाट शंका आहे.