गूगलमधला ‘मोकळा शुक्रवार’: खुलासा

‘गूगलमध्ये दर शुक्रवारी ऑफिसचं काम बंद, मनाला येईल ते करा’ असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. मूळ गोष्ट २००४ची. कंपनी शेअर बाजारात उतरताना तिचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पत्रात लिहिलं होतं, की नेहमीचं काम सांभाळून कर्मचाऱ्यांनी वीस टक्के वेळ (म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यातला एक दिवस) कंपनीच्या सर्वाधिक फायद्याचं वाटेल अशा कामाला द्यावा. ‘सांभाळून’ हा शब्द मेसेजमधून नेमका गळलाय! वाराचा तर उल्लेखच नाही. तिथे अनेक वर्षं काढलेल्या मरिसा मेयर यांनी नंतर सांगून टाकलं, की हे खरं तर एकशेवीस टक्के काम होतं. म्हणजे रोजचं उरकून वर हे.