एल-वन ठरायच्या आधी काय काय ठरतं?

नमस्कार साहेब,

कोल्हापूर महापालिकेच्या स्थायी समितीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही कडक लिहिलंय. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निविदा ऑनलाइन झाल्या, ज्याचा दर सर्वात कमी तो ‘एल-वन’, त्याला काम मिळतं, मग नगरसेवकांनी चर्चा करायला उरलंय काय? विषय सभागृहात गेला की ढपला, म्हणजे मंजुरीसाठी खायचे पैसे, ठरलेला. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली आणि सभागृहाच्या जागी सरकारी प्रशासक आले, तेव्हा फायली भराभर हलल्या. आणि टोल आणला तोही सभागृहानंच.

ढपल्याबद्दल वाद घालणार नाही. हा शब्द कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही कळतो, आणि पडद्याआडून पालिका चालवणारे ‘कारभारी’ कोण हे प्रत्येक पेठेला ठाऊक असतं. याची चीड मलाही तुमच्याइतकीच आहे. ऑनलाइन निविदेनं फायदा झाला हेही खरं. पूर्वी कोरा फॉर्म मिळण्यापासून मारामार होती, पेटीपाशी माणसं उभी करून दुसऱ्याला अडवता यायचं. आता महाटेंडर्स या सरकारी निविदा पोर्टलवर घरबसल्या दर भरता येतो.

पण तुम्ही बांधकाम खात्यात नोकरी केल्याचं लिहिलंय, म्हणून तुम्हालाच विचारतो. एल-वन ठरायच्या आधी काय काय ठरून गेलेलं असतं? कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. अटी ठरलेल्या असतात. द्विलिफाफा पद्धतीत पहिला लिफाफा तांत्रिक. त्यात जो बाद झाला त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाही. म्हणजे सर्वात कमी दर कुणाचा, हा प्रश्न पात्र ठरलेल्यांपुरताच उरतो, आणि पात्र कोण ते अटी ठरवतात.

एक अट घ्या. डांबरी रस्त्याच्या कामाला ‘ठेकेदाराचा स्वतःचा हॉटमिक्स प्लांट (गरम डांबर-खडीचं मिश्रण करणारा) कामापासून इतक्या किलोमीटरच्या आत हवा’. अट वाचायला रास्त आहे, माल गरम पोचला पाहिजे. पण तो किलोमीटरचा आकडा थोडा खाली आणला की जिल्ह्यातले निम्मे ठेकेदार घरी बसतात, आणि प्लांट भाड्यानं चालणार नाही असं पुढं जोडलं की उरतात दोघं-तिघं. मग त्यांनी आपसात रिंग केली, दर संगनमतानं भरले, तर पोर्टल काय करणार? अनुभवाच्या अटीचंही तेच. केंद्रीय दक्षता आयोगानं 2002 साली सांगून ठेवलंय की आधीच्या सात वर्षांत तशाच प्रकारचं अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 40 टक्क्यांची तीन कामं केलेली असावीत. यापेक्षा कडक अट घातली असेल तर ती का घातली, एवढं विचारणारं कुणीतरी समोर पाहिजे. आणि हे निविदा निघायच्या आधी विचारायला हवं. नंतर विचारलं तर कामाला खोडा घातल्याचा ठपका बसतो.

तुकडे पाडण्याची युक्ती तुम्हाला मी काय सांगायची. पापाची तिकटी ते गंगावेश असा समजा एकच रस्ता करायचाय. त्याची चार कामं दाखवली, प्रत्येक काम खर्चाच्या मर्यादेच्या आत बसवलं, की वरच्या मंजुरीची गरज उरत नाही. चारही कागद वेगवेगळे बघितले तर नियमात. ते चार एकत्र ठेवून बघणारा माणूस बहुतेक वेळा त्या भागातला विरोधी नगरसेवकच असतो.

आता प्रशासकांबद्दल. कोण अधिकारी चांगला, कोण वाईट, हा मुद्दा नाहीच. 1949 च्या महापालिका कायद्यात प्रस्ताव मांडणारे आयुक्त, मंजुरी देणारी 16 जणांची स्थायी समिती आणि त्यावर सर्वसाधारण सभा, अशी मुद्दाम फोड केलेली आहे. प्रशासकाच्या काळात हे तिन्ही अधिकार एकाच टेबलावर येतात. कलम 67(3)(क) बघा. आणीबाणीत आयुक्तांना ताबडतोब पावलं उचलता येतात, आणि 2019 आणि 2021 च्या महापुरात असा अधिकार किती लागतो हे आपण बघितलंय. पण त्याच कलमात पुढं म्हटलंय की काय केलं, का केलं, खर्च किती, हे लगेच स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचं. सभागृहच नसेल तर कळवायचं कुणाला? स्वतःलाच. फायली भराभर हलतात त्याचं एक कारण हेही आहे.

टोलचा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. शहरातले सुमारे 49 किलोमीटरचे रस्ते कंपनीनं करायचे आणि त्यावर 30 वर्षं टोल. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी यांचा तो त्रिपक्षीय करार. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं रस्त्यावर उतरली, शहर वर्षानुवर्षं लढलं, तेव्हा डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. यावरून तुम्ही म्हणता, सभागृह नको. मी उलट म्हणतो. शहरात त्या कराराच्या कलमांवर खरी चर्चा झाली ती टोलनाके उभे राहायच्या वेळेला. तीच चर्चा मंजुरीच्या दिवशी, करार सदस्यांच्या हातात आधी देऊन, व्हायला हवी होती. सभागृहानं काम नीट केलं नाही म्हणून सभागृहच काढून टाकायचं, हा उपाय मला पटत नाही. निदान सभेचं इतिवृत्त तरी राहतं. कोण बाजूनं होतं, कुणी विरोध नोंदवला, हे काढून बघता येतं. प्रशासकाच्या ठरावाला विरोधाची नोंद कुठून येणार?

म्हणून माझा राग सभागृहावर कमी आणि ‘ऐनवेळच्या विषयां’वर जास्त आहे. विषयपत्रिकेत नसलेला लाखो-कोटींचा विषय सभा संपता संपता येतो, सूचक-अनुमोदकांची नावं घेतली जातात आणि ‘मंजूर, मंजूर’ होऊन जातं. पैशाचा एकही विषय ऐनवेळी घ्यायचा नाही, हे आधी झालं पाहिजे. अंदाजपत्रक आणि अटींचा मसुदा निविदेच्या आठ दिवस आधी संकेतस्थळावर यावा. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेल्यांची नावं कारणांसकट लागावीत. माहिती अधिकाराच्या कलम 4 नुसार बरीचशी माहिती न मागता द्यायची आहेच. आपण मागायला जातो तेव्हा उपकार केल्यासारखं वागवतात, ते थांबलं पाहिजे.

तुमच्या कॉलनीतला रस्ता प्रशासकांच्या काळात झाला आणि चांगला झाला असं शेवटी लिहिलंय. आनंद आहे. ठेकेदाराला काम देताना जो कार्यादेश निघतो, त्यात त्याचा दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते, पालिकेनं पुन्हा निविदा काढायची नसते. कार्यादेश तुमच्याकडे नसेल तर कॉलनीचं नाव आणि रस्ता कुठून कुठपर्यंत झालाय ते कळवा. प्रत मागण्याचा अर्ज मी या आठवड्यात टाकतो, आणि झालेल्या कामाची मापं नोंदलेली मोजमाप पुस्तिका तुम्ही वाचून सांगा, ती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते.