मत एकदा बनलं की ते टिकवायचं कसं

आधी एक समजून घ्या, माहिती आपलं मत बदलायला येत नसते, दुजोरा द्यायला येते, आणि देत नसेल तर तिला जरा वळण लावायचं असतं, बास.

आमची घोडबंदर रोडची सोसायटी बघा. चार दिवस पाणी बारीक. तिसऱ्या मजल्यावरचे नाना म्हणाले टँकर लॉबी, त्यांना २० वर्षं तेवढंच दिसतंय. समोरच्या काकू म्हणाल्या टाकी आग्नेयेला आहे, होणारच. आयटीवाला म्हणाला मेट्रोच्या खोदकामात पाइप फुटला असणार. माझं आपलं आधीच ठरलेलं, सेक्रेटरी. मग प्लंबर आला, दहा मिनिटांत म्हणाला खालच्या टाकीचा बॉलकॉक अडकलाय. झालं ना? नाही हो, इथे तर खरी सुरुवात. नाना म्हणे अडकवला कोणी? काकू म्हणे आग्नेयेचाच का अडकला? आणि मी म्हटलं, मेन्टेनन्स कोण बघतं? बघा, एकाच बॉलकॉकने सगळे बरोबर ठरले, प्लंबर सोडून.

दुसरं, आपल्याला पटेल तेवढंच तपासायचं. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे दिले, म्हणाला यामागचा नियम ओळखा, तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, बसतात का नाही ते मी सांगतो. बऱ्याच जणांनी आपले ८, १०, १२ छापाचे आकडे दिले, आणि दर वेळी उत्तर 'बसतात'. नियम इतकाच होता की आकडे चढते हवेत, ५, ९०, ७०० सुद्धा चाललं असतं. एकदाही न चुकता नियम सांगणारे २९ पैकी ६ निघाले. त्या सहांसारखं वागू नका, स्वतःला खोटं पाडणारे आकडे विचारत बसलात तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणार काय?

एवढं करूनही एखादी गोष्ट डोक्यात शिरलीच तर टेन्शन नको, पुढचं काम आठवण करते. केंब्रिजच्या बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात हेच लिहिलंय. त्याने इंग्रज मंडळींना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची गोष्ट वाचायला देऊन नंतर परत सांगायला लावली, तर सांगता सांगता कनूची, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीची, साधी बोट झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि काहींच्या गोष्टीतून तर भुतंच गेली. मुद्दाम कोणी केलं नाही हां, डोक्यात जो साचा होता त्यात गोष्ट आपोआप बसली.

आमच्याकडे दोनच महिने लागले. परवा नाना लिफ्टमध्ये कोणाला तरी सांगत होते की प्लंबरने स्वतः कबूल केलं, टँकरवाल्यांनी बॉलकॉक बांधून ठेवला होता. मला हसूच आलं, माणूस किती सोयीचं लक्षात ठेवतो! प्लंबर असं काही बोललाच नव्हता. तो सेक्रेटरीबद्दल बोलला होता.

आता पाणी जोरात येतंय. सोसायटीची निवडणूक जवळ आली असणार, दुसरं काय.