पेशींची आमटी

‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही करताना खोक्यातलं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं. सही केल्याशिवाय खोका फोडायचा नाही, हा कुरिअरवाल्यांचा नियम. खोक्याच्या चार बाजूंवर ‘थंड ठेवा’ छापलेलं. काउंटरवरच्या पोरानं त्याला बरोबर तोंडावर पाडून ठेवला होता. शुक्रवार ते सोमवार. सोलापूरचा मे महिना.

“पंख्याखालीच होता सर.”

शेजारी एक काका, पुण्यातल्या लेकाला शेंगाचटणी आणि कडक भाकरी धाडायला आलेले. मी लाल बाटली वर काढली तसे पुढं सरकले.

“कोकम हाय का?”

“नाही, पेशी वाढवायचं मीडियम. त्यांचं खाणं.”

“साखर किती घालताव?”

“लिटरला साडेचार ग्रॅम.”

“एवढीच? आन् मीठ?”

“सहाच्या वर.”

“साखरंपरीस मीठ जास्त! मग सरबत कशाला म्हनताव? आमटी म्हना की.”

सरबत मी म्हटलंच नव्हतं! पण पेटलो. अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, बायकार्बोनेट, सगळं ऐकवलं. लाल रंग फेनॉल रेडचा, आम्लता वाढली की पिवळा पडतो, हेही.

“म्हंजे आंबलं की दिसतंय. आमच्या घरच्या वरनाला घाला की ओ हे.”

हॅरी ईगल नावाच्या शास्त्रज्ञानं एकेक घटक वगळून पेशी कशावाचून मरतात ते पाहिलं आणि 1959 मध्ये किमान गरजेची यादी छापली. आमच्या मेसवाल्याचं हेच संशोधन मुलांवर अजून चालू आहे.

“पेशी कुनाच्या?”

“हेन्रिएटा लॅक्स म्हणून एक अमेरिकन बाई होत्या. 1951 मध्ये गेल्या. पेशी अजून वाढतायत.”

काका जरा थांबले. “आन् जेवन तुमी घालताव? एवढं तर सख्खी पोरंबी श्राद्धाला घालत न्हाईत.”

दुसऱ्या बाटलीत काय, विचारल्यावर ‘टॉनिक’ म्हणून मोकळा झालो. वासराच्या रक्तातलं सीरम, हे भर रांगेत सांगायची छाती नव्हती. ते उणे वीस अंशांवर गोठवून ठेवायचं असतं; हातात आलं ते कोमट चहासारखं. माझी महिन्याची फेलोशिप पुरणार नाही अशी किंमत. मीडियममधलं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल तर उकाड्यात आपोआप तुटतं आणि वर अमोनिया सोडतं. तक्रारीच्या नंबरवर मला विचारलं, “बाटली फुटली आहे का?” फुटली नाही म्हटल्यावर, “मग नुकसान काय?” आता गाईडही मलाच झापणार.

“आमच्या भाकरीला बगा,” काकांनी पुडा काउंटरवर टक्‌टक्‌ वाजवला, “म्हैनाभर काय होत न्हाई.”

पोरानं पुडा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि आत साहेबांच्या एसीत नेऊन ठेवला.