एका त्रस्त सेक्रेटरी काकांना उत्तर

काका नमस्कार. तुम्ही कमेंटमधे नाव न लिहिता ‘एक त्रस्त सेक्रेटरी, नांदेड’ असं लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, बँकेतून रिटायर झालोय असंही लिहिलंय तुम्ही, तर राग नसावा. कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही राग आला होता, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, चार दिवस जाऊ दिले.

मागच्या लेखात मी आमच्या लातूरच्या सोसायटीबद्दल लिहिलं होतं. ट्यूशनसाठी भाड्यानं राहणाऱ्या पोरांना लिफ्ट बंद केली, रात्री दहानंतर आलं की 500 रुपये दंड, आणि हे सगळं गेटवर पिवळ्या बोर्डावर रंगवून घेतलं, त्याबद्दल. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कमिटीवाले फुकट राबायलेत, शिव्या खायलेत आणि माझ्यासारखे लोक घरात बसून लेख लिहायलेत. कलमं बघत बसलं तर सोसायटीचा उकिरडा व्हायला सहा महिने लागणार नाहीत. माझ्या लेखामुळं थकबाकीदारांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. आणि शेवटी, ‘तुमच्या दारासमोर चपलांचा स्टँड आहे की नाही ते आधी खरं सांगा.’ स्टँडचं शेवटी सांगते.

फुकट राबता हे एकदम मान्य. टाकी धुवायला माणूस सापडंना, लिफ्टवाला फोन उचलंना, आणि वर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खालून ओरडणार की जिन्यातला बल्ब कधी लावणार. मला हे माहिती आहे कारण मी स्वतः दोन वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार होते. हे लेखात लिहिलं नव्हतं, लिहायला पाहिजे होतं, ते तुमचं बरोबर. घरात बसून लिहिणारी वाटले तुम्हाला.

पण ‘कलमं बघत बसलं तर’ हे पटलं नाही. आमच्याकडं तो नियम कसा झाला ते आधी सांगते. छत्तीस फ्लॅट आहेत, म्हणजे जनरल बॉडीला, सगळ्या सभासदांच्या सभेला, वीस जणांचा कोरम, म्हणजे कमीत कमी तेवढी हजेरी लागते. आले अकरा. मग बायलॉजमधे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सोय आहे तसं अर्धा तास थांबले, चिवडा-चहा झाला, आणि अर्ध्या तासानं तीच सभा परत सुरू केली की कोरम लागत नाही. तोवर दोघं उठून गेले होते, एकाला दुकान उघडायचं होतं. राहिलेल्या नऊ जणांनी ठरवलं की भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागं महिन्याला 300 रुपये जास्तीचे, लिफ्ट बंद, दहाचा दंड. मी त्या दिवशी उदगीरला लग्नाला गेले होते, म्हणजे माझी पण चूक आहेच. सभा कायदेशीर होती, कोरमचं सगळं बरोबर होतं. ठराव मात्र तसा नव्हता, आणि इथंच लोकांचा गोंधळ होतो, की ठराव झाला म्हणजे नियम झाला. तसं नसतं काका. जनरल बॉडी मोठी खरी, पण कायदा आणि बायलॉज तिच्याहून मोठे.

300 रुपयांचंच घ्या. मालक स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर सोसायटी जे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घेते, त्यावर सरकारनं 1 ऑगस्ट 2001 ला आदेश काढून मर्यादा घातली, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. त्याला सोसायट्या कोर्टात गेल्या, मुंबई हायकोर्टानं 2007 मधे तो आदेश कायम ठेवला. बरं हे 10 टक्के सगळ्या मेंटेनन्सचे नाहीत, फक्त सर्व्हिस चार्जेसचे. आमच्याकडं महिन्याचा मेंटेनन्स 1500, त्यातले सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, झाडू, जिन्याची लाईट वगैरे धरून 700, बाकी लिफ्ट, पाणी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड. म्हणजे घेता येतात 70 रुपये, आणि तेही मालकाकडून. आम्ही घ्यायलोत सहा पोरांचे 1800. तुम्ही बँकेत होता, व्याजात एक रुपया जास्त लागला तरी ग्राहक काउंटरवर येऊन काय करतो ते तुम्हाला मी काय सांगू.

आता थकबाकीदारांचं. कोलीत वगैरे म्हणालात म्हणून एक गोष्ट सांगते, ही मी आजपर्यंत कुठं लिहिली नाही.

2016 चा उन्हाळा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमधेच पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं, एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी आली तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते, आमचे हे पण गेले होते, मोबाईलमधे फोटो काढून आले. पाच लाख लिटर होतं तिच्यात. ते सगळं ठीक, पण सोसायटीच्या हौदात काही रेल्वे येत नव्हती, आमचं सगळं टँकरवर. प्रत्येक फ्लॅटनं टँकरचे पैसे आठवड्याला द्यायचे असं ठरलं, खजिनदार मी, वही माझ्याकडं. पस्तीस जणांनी दिले, कुणी आज, कुणी उद्या, पण दिले. एकानं नाही दिले. आधीचा मेंटेनन्स पण त्याचा पाच महिन्यांचा थकलेला. मालक पुण्याला. फोन केला तर म्हणे मी तिथं राहत नाही, पाणी मी वापरत नाही, पैसे कशाचे देऊ.

डोकं फिरलं सगळ्यांचं. चेअरमन, सेक्रेटरी आणि मी, तिघं गच्चीवर गेलो आणि त्या फ्लॅटच्या लाईनचा कॉक बंद केला. ठराव नाही, नोटीस नाही, काही नाही. मीच हातानं फिरवला, जाम झाला होता तर चपलेनं ठोकून फिरवला, आणि खरं सांगते काका, फार बरं वाटलं. एकदाचं काहीतरी केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. दारात बादली घेऊन एक पोरगी. त्या फ्लॅटमधे चार मुली भाड्यानं राहत होत्या, एक अहमदपूरकडची, बाकीच्या कुठल्या ते आता आठवत नाही, सगळ्या अकरावी-बारावीच्या. म्हणाली, “काकू, आमच्या नळाला पाणीच येईना गेलंय, तुमच्याकडं येतंय का?” तिनं भाडं वेळेवर दिलेलं, टँकरचे पैसे भाड्यातच धरले असं मालकानं तिच्या वडलांना सांगितलेलं. मी तिला बादली भरून दिली आणि कॉक मीच बंद केलाय हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर जाऊन उघडून आले, चेअरमनला न विचारता, आणि त्यावरून आमच्यात जी वाजली ती वेगळीच.

पुण्याच्या मालकाला त्या तीन दिवसात काय झालं? काही नाही. तो पुण्यात शॉवर घेत होता. पाणी तोडायचा अधिकार कमिटीला कुठल्याही बायलॉजनं दिलेला नाही हे मला तेव्हा माहिती नव्हतं, पण ते सोडा, अधिकार असता तरी उपयोग काय झाला? पैसे ज्याच्याकडं थकले तो तिकडं आणि घसा कोरडा पडला लेकरांचा.

मग पैसे कसे आले ते सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. माझ्या भावाचा एक मित्र सोसायट्यांचं ऑडिट करतो, त्यानं सांगितलं तसं केलं. खातेउतारा काढला, महिनावार बिलं जोडली, कमिटीचा ठराव घेतला आणि मालकाच्या पुण्याच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, की इतक्या दिवसात भरा नाहीतर सोसायटी वसुली दाखल्यासाठी सहकारी संस्थांच्या निबंधकाकडं अर्ज करणार. तेव्हा ते सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली असायचं, 2019 मधे हौसिंग सोसायट्यांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं, आता ते 154 ब-29 खाली असतं. निबंधकाचा दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो, फ्लॅटवर येऊ शकतो. वर व्याज, 2014 च्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना बायलॉजमधे, जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याज, ते जनरल बॉडीनं ठरवलेलं पाहिजे, आमचं नशिबानं ठरलेलं होतं. अर्ज करायची वेळच आली नाही. नोटीस मिळाली आणि दोन हप्त्यात सगळे पैसे आले, जो माणूस माझा फोन उचलत नव्हता त्यानं स्वतःहून फोन करून ‘वहिनी व्याज तेवढं माफ करता येईल का’ विचारलं. नाही केलं. टपालाला किती लागले आठवत नाही, पण एका टँकरच्या मानानं काहीच नव्हते.

तर काका, कलम बघितलं म्हणून वसुली झाली. न बघता कॉक फिरवला तेव्हा एक रुपया आला नाही.

आणि दंडाचंही तेच. दंड लावायचाच नाही असं मी कुठं म्हणाले? बायलॉजमधे दंड आहे. पण आधी कुठल्या चुकीला किती हे जनरल बॉडीनं ठरवायचं, मग सेक्रेटरीनं सभासदाला लेखी कळवायचं, ऐकलं नाही तर कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि मग दंड, आणि तोही आर्थिक वर्षात सगळा मिळून 5000 च्या वर नाही. सभासदाला, हा शब्द बघा. भाडेकरू सभासद नसतो, त्याला मत नाही, सभेत बसता येत नाही. सोसायटीचा हिशोब मालकाशी. मालकाला नोटीस काढा की तुमचे भाडेकरू रात्री दोनला जिन्यात ओरडायलेत, मालक पोरांशी बोलेल, भाडेकरारात अट घालेल, नाही ऐकलं तर खोली सोडायला सांगेल. आपण काय करतो, तर मालक आपल्या ओळखीचा, त्याच्या पोरीच्या लग्नात जेवून आलेलो, निवडणुकीत त्याचं मत लागतं, मग वॉचमनला सांगतो पोरांना गेटवर अडव. सतरा वर्षांचं पोरगं उलट बोलणार नाही हे आपल्याला माहिती असतं. दहाचा दंड म्हणे! ट्यूशनच्या बॅच किती वाजता सुटतात ते लातुरात कुणाला माहिती नाही?

पोरांमुळं पाणी आणि लिफ्ट जास्त वापरली जाते ही तुमच्या कमेंटमधली तक्रार मात्र खरी आहे, तिथं मी लेखात जरा घाई केली. दोन खोल्यांत सहा पोरं राहतात आणि शेजारी दोन म्हातारी माणसं, पाण्याचे पैसे दोघांना सारखेच, कारण बायलॉजप्रमाणं ते नळांवर लागतात, माणसांवर नाही. हे चुकीचं आहे असं मलाही वाटतं. पण मग मीटर बसवा ना फ्लॅटवार, खर्च एकदाचा आहे. नाहीतर बायलॉज बदला, दोन तृतीयांश बहुमतानं ठराव करा आणि निबंधकाची मंजुरी घ्या. कटकट आहे, मान्य. आम्ही मीटरचा विषय मागच्या सभेला घेतला तर पहिला विरोध कुणाचा? ज्यांच्या गॅलरीत चाळीस कुंड्या आहेत त्यांचा. विद्यार्थ्यांच्या मालकांचा नंतर.

कुत्र्यांबद्दल जे लिहिलंत त्यावर आज बोलत नाही, तो वेगळा लेख होईल आणि त्याच्यावर तुमच्यापेक्षा वाईट कमेंट येतील.

आता चपलांचा स्टँड. आहे. दारासमोर, पॅसेजमधे, लोखंडी, तीन खणी. सासूबाईंना वाकता येत नाही म्हणून वरचा खण त्यांचा, असं मी स्वतःला सांगते, पण बाकीच्या दोन खणांत माझ्या आणि पोराच्या चपला आहेत, त्याला कारण काही नाही. पॅसेज सामायिक आहे, तिथं सामान ठेवायचं नाही, तो नियम पिवळ्या बोर्डावर पण आहे, पाच नंबरला. सहा वर्षांत मला एक नोटीस नाही, तोंडी सुद्धा कुणी बोललं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या पोरांच्या चपला मात्र वॉचमननं दोनदा पोत्यात भरून पार्किंगमधे नेऊन टाकल्या.

तुमची कमेंट वाचून परवा आमच्या सेक्रेटरीकडं गेले आणि लेखी अर्ज दिला की मला पाच नंबरची नोटीस काढा. अर्ज वाचून हसले, म्हणाले, “वहिनी, तुमचं काय उगंच, बसा चहा घ्या.” पोच मागितली तर ती पण देईनात.