हलगीला खोकं नसतं, म्हणून सबवूफरलाही नको?

सेलूचा भाचा परवा दुकानात आला तो 12 इंची वूफर टॉवेलात गुंडाळून. कोन (स्पीकरचा पुढं-मागं हलणारा कागदी भाग) बोटांनी दाबला तर खर्र वाजलं, नाकाजवळ धरला तर करपलेल्या वॉर्निशचा वास. कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, गेलेली. "काय केलं रे?" म्हटलं, तर त्यानं मोबाईल पुढं केला.

तोच तो व्हिडिओ. माझ्याकडंही तीन ग्रुपांतून येऊन पडलाय. खोक्यात पैसे घालू नका, फळीला भोक पाडून स्पीकर ठोका, दुप्पट बेस मिळतो. फळी कुठल्याही मापाची चालते. भिंतीला टेकवून ठेवा. आवाज कमी वाटला तर अँपची वॅट वाढवा. शेजाऱ्याला काही ऐकू जात नाही. आणि पुरावा काय, तर "आपल्या हलगीला कुठं खोकं असतं?"

भाचा या हलगीलाच भुलला, म्हणून आधी तीच घेतो. हलगी मागून उघडी असते, खरंय. म्हणूनच ती कडाडते, घुमत नाही. घुमवायचं होतं तिथं आपल्या लोकांनी डग्ग्याचं भांडं खालून बंद ठेवलं, ते काय उगीच?

कोन पुढं आला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. दाबलेली हवा काठावरून वळून मागं जाते आणि दोन्हींचा हिशोब शून्याकडं येतो. वरच्या सुरांची लाट आखूड, त्यांना फळी आडवी येते. पण 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. तिच्यापुढं दोन फुटी फळी म्हणजे उंबरासुद्धा नाही.

आता "कुठल्याही मापाची" बघा. सीगफ्रीड लिंकविट्झ हे नाव डीजेवाल्यांना अनोळखी नाही, क्रॉसओव्हरवर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटवर, लिंकविट्झ-रायली असं छापलेलं असतं, तेच. या माणसानं उघड्या फळीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्याचं सूत्र असं: आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला 343 मीटर, 0.17 नं गुणायचा आणि पुढच्या-मागच्या आवाजातल्या अंतरानं भागायचा. जो आकडा येईल त्याच्या खाली दर सप्तकाला 6 डेसिबल घसरण. भाच्याची फळी दोन बाय दोन फूट; सपाट फळीला ते अंतर म्हणजे मधून काठापर्यंत, साधारण 30 सेंटिमीटर. उत्तर येतं 194 हर्ट्झ. 97 ला 6 डेसिबल गेले, 48 ला 12. दुप्पट बेस म्हणे!

ते 12 डेसिबल भरून काढायचे तर वॅट लागते 16 पट आणि कोनाची ये-जा 4 पट. "वॅट वाढवा" सांगणाऱ्याला हे माहीत नसावं, किंवा स्पीकर त्याच्या बापाचा नसावा. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी कोनाला आवरून धरते. फळीवर आवरायला कुणीच नाही. कॉइल मागच्या प्लेटवर आदळते, टक् टक् वाजते. भाच्याला तो ठोका "पंच" वाटला. त्यानं आवाज आणखी वाढवला.

भिंतीला टेकवायचं तर बोलायलाच नको. मागं निदान तीन-साडेतीन फूट मोकळे पाहिजेत.

शेजाऱ्याचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. फळीच्या रेषेत बाजूला उभं राहिलं की बेस खरंच गळतो, खोलीही कमी घुमते. आपल्याकडच्या स्लॅबच्या 10 बाय 12 च्या खोल्यांत हा फायदा कानाला कळतो. बेस कोरडा, सुटा येतो. पण मागच्या बाजूला आवाज पुढच्याइतकाच. शेजारी त्या बाजूला असला तर भांडण ठरलेलं.

ज्याला हे करायचंच आहे त्यानं सपाट फळी सोडावी आणि एच-फ्रेम करावी: चौकोनी बोगदा, दोन्ही तोंडं उघडी, स्पीकर मधोमध. बोगदा 40 सेंटिमीटर खोल केला तर घसरण सुरू होण्याचा तो 194 चा आकडा 146 वर येतो, आणि जागा फळीपेक्षा कमी लागते. आणखी खोल केलं तर बेस वाढतो, पण बोगदाच बोलायला लागतो, म्हणून 100 हर्ट्झच्या वरचं क्रॉसओव्हरनं कापायचं. डब्ल्यू-फ्रेममध्ये दोन स्पीकर उलटसुलट बसवतात, एकमेकांचा हादरा मारतात, पण तिची प्लाय कापायला सुतार चांगला पाहिजे. स्पीकर क्यूटीएस (कोन स्वतःला किती आवरतो त्याचा, स्पीकरच्या माहितीपत्रकातला आकडा) 0.7 च्या आसपासचा घ्यावा. खुद्द लिंकविट्झच्या ओरायन या उघड्या स्पीकरमध्ये एका बाजूला 10 इंची दोन वूफर आहेत, आणि घसरण भरून काढायला वेगळं सर्किट. त्याला एका स्पीकरवर भागवता आलं नाही, आणि हा व्हिडिओवाला फळीला भोक पाडून भागवतोय.

भाच्याला बोगद्याचं माप कागदावर काढून दिलंय. कोन-कॉइल गुरुवारपर्यंत होईल. कॉइल जळाली हे त्यानं अजून आईला सांगितलेलं नाही. ती माझी थोरली बहीण, फोन मलाच येणार.