विषय मुलांना दिलाय, पालकांना नाही

शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या ग्रुपवर कलास्पर्धेची सूचना पडली की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, कागद कुठल्या साईजचा?" दुसरा, "ऑइल पेस्टल चालतील का पोस्टर कलरच पाहिजेत?" आणि तिसरा अगदी हमखास, "एखादं नमुना चित्र टाका ना ग्रुपवर." विषयाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सूचनेत सगळ्यात ठळक तोच छापलेला असतो, तरीही.

यंदाचा विषय होता 'माझं सोलापूर'. चिठ्ठीत नाव निघाल्यामुळे मी संघाच्या कार्यकारी समितीत आहे, म्हणून जमा झालेला गठ्ठा वर्गवार लावायचं काम माझ्याकडे आलं. एकेक चित्र उलटत गेले. तलावाच्या मधोमध सिद्धेश्वर मंदिर, पाण्यात प्रतिबिंब, वर पांढरे पक्षी. पुढचं चित्र, तेच मंदिर. त्याच्या पुढचंही तेच, त्याच कोनातून, कारण मोबाईलवर शोधलं की सगळ्यांना तोच फोटो आधी दिसतो. काही चित्रांतलं शेडिंग इतकं सफाईदार की चौथीतल्या पोराच्या मनगटाला ते झेपणं शक्यच नाही. कुणाची आई, कुणाचा काका, कुणाच्या क्लासच्या मॅडम, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

मंदिराबद्दल माझी तक्रार नाही हो. ग्रामदैवत आहे, पोरांनी काढणारच. पण 'माझं' कुठे गेलं? आजोबांच्या खांद्यावर बसून सिद्धेश्वर यात्रेतल्या सात नंदीध्वजांची, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक पाहिलेलं एखादं पोर त्या गठ्ठ्यात नक्की असणार. त्याच्या चित्रात पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी आली असती, कुणाच्या तरी पाठीमुळे अर्धाच दिसलेला नंदीध्वज आला असता, गड्ड्यावरचा, म्हणजे यात्रेच्या जत्रेतला पाळणा आणि त्यात बसायला घाबरणारी ताई आली असती. एका मुलाने इंग्रजांनी फाशी दिलेले सोलापूरचे चार हुतात्मे काढले होते. चेहरे नीट जमले नव्हते, पण खाली '१२ जानेवारी १९३१' अशी तारीख होती आणि बाजूला हातात दप्तर घेऊन पुतळ्यांकडे बघत उभा असलेला स्वतः तो. मला ते चित्र फार आवडलं. म्हणजे तारीख होती म्हणून नव्हे, तो स्वतः होता म्हणून.

पालकांचं म्हणणं मी ऐकलंय. "बक्षीस मिळालं की उत्साह वाढतो." "सगळेच करतात, मग आपलंच पोर का मागं राहावं?" यातला दुसरा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच तो वाईट आहे. पालक स्वतःच पेन्सिल हातात घेतात, याचं आणखी एक कारण आपल्या सवयीत आहे. आपण बहुतेक जण एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या वाटेने गेलेले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. स्मरणचित्राला 'भाजी बाजार' किंवा 'बसथांबा' येणार म्हणून क्लासला ते घोटून घेतलेलं. त्या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी हाताला वळण लागतं आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण तिथे घोटलेलं चालतं. विषय देऊन घेतलेली स्पर्धा हे वेगळंच काम आहे. तिथे आधी मुलाला विचार करावा लागतो, मग पेन्सिल.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिच्या मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक संघामार्फत एक स्पर्धा होते, रिफ्लेक्शन्स नावाची. मेरी लू अँडरसन नावाच्या कोलोरॅडोतल्या बाईंनी १९६९ मध्ये ती सुरू केली आणि तिथल्या राष्ट्रीय पालक-शिक्षक संघाने ती आजवर चालू ठेवली आहे. दरवर्षी देशभर एकच विषय, तोही मुलांनीच सुचवलेल्यांतून निवडलेला. २०२३-२४ ला होता 'मी आशावादी आहे, कारण...', त्याच्या पुढच्या वर्षी अपूर्णता स्वीकारण्याबद्दलचा. विचार करा, आठ वर्षांच्या पोराला अपूर्णतेबद्दल काय वाटतं हे गूगलवर कुठल्या फोटोत सापडणार? सगळ्या आयांची पंचाईतच की. शिवाय नुसतं चित्र नाही. नृत्यरचना, लघुपट, साहित्य, संगीतरचना, छायाचित्रण आणि दृश्यकला, असे सहा प्रकार. तिथे ज्या शाळेत संघ नाही, तिथल्या मुलाला भाग घेता येत नाही. शाळेतल्या संघाकडून निवड होऊन प्रवेशिका पुढे राज्याकडे आणि तिथून देशपातळीवर जाते.

मला त्यातलं खरं आवडलं ते दुसरंच. प्रत्येक मुलाने कलाकृतीसोबत दहा ते शंभर शब्दांत लिहून द्यायचं असतं, हे मी का केलं आणि विषयाशी याचा काय संबंध. गुण देतानाही मुलाने विषयाचा अर्थ काय लावला याला सगळ्यात जास्त वजन. सर्जनशीलता आणि तंत्र त्यानंतर. म्हणजे हात बसलेला नसला तरी डोकं चाललेलं पोर पुढे जाऊ शकतं. तिकडे काय सगळे पालक साधुसंत आहेत असं नाही. बहीण म्हणाली, "अगं, इथेही पालक हात चालवतातच." पण का केलं हे मुलाला स्वतःच्या शब्दांत मांडावं लागलं, की आईने रंगवलेलं चित्र लगेच उघडं पडतं.

आता आपल्याकडे काय झालं ते सांगते. पूर्व भागात राहणारी सातवीतली एक मुलगी. घरात यंत्रमाग, वडील चादरीच्या कारखान्यात. जकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राला, डिझाईनसाठी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावतात, त्यातलं एक फाटकं टाकाऊ कार्ड तिने कागदावर चिकटवलं होतं. भोकांतून रंग खाली उतरवला होता आणि कार्डाच्या कडेने तोच ठिपक्यांचा नमुना पेन्सिलने वाढवत वाढवत कागदाच्या टोकापर्यंत नेला होता, तिथे तो चादरीवरचा मोर होत होता. मला तरी मोर वाटला, नीट कळत नव्हता. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपण पाहुण्यांना कौतुकाने देतो. ती कशी विणली जाते हे गठ्ठ्यातल्या एकाच पोराला माहीत होतं. चित्र बाद झालं. कारण, "हे चित्र नाही, क्राफ्ट आहे." नियमात रंगकाम लिहिलं होतं ना! मी बोलले, पण निकाल लागून गेला होता. पहिलं बक्षीस मंदिरालाच.

परीक्षक म्हणून आलेल्या सरांचंही सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचा कागद वेडावाकडा कापलेला होता आणि तांत्रिकदृष्ट्या पहिलं आलेलं चित्र सरस होतं. ते चित्र नेमकं कुणाचं, एवढाच प्रश्न आहे.

यावर ग्रुपवर लगेच दुसरं टोक आलं. "पुढच्या वर्षीपासून पालकांची मदत पूर्ण बंद!" हे ऐकायला छान वाटतं, पण मला अजिबात पटलेलं नाही. ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी पिंपं भरण्यात सगळं घर अडकलेलं असतं, तिथलं पोर मदतीशिवाय चांगलं चित्र काढतं असं नसतं. ते स्पर्धेत येतच नाही. सूचना वाचायला घरात मोबाईल मोकळा नसतो, ड्रॉइंग शीट आणायला नवी पेठेत कोण जाणार? या पोरांची नावं गठ्ठ्यात नाहीत याचं ग्रुपवर कुणालाच काही वाटलं नाही. मदत पाहिजेच. कागद, रंग संघाने द्यावेत, शाळेतच दोन तास द्यावेत, आणि मोठ्यांनी पोराशी बोलावं. "तुला सोलापूर म्हटलं की काय आठवतं?" असं विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं जमलं पाहिजे, ते आपल्याला जमत नाही.

आणि ते लाईकवरून 'लोकप्रिय चित्र' ठरवायचं खूळ तेवढं बंद करा. ओ अण्णा, लाईक करा, ओ अक्का, शेअर करा. त्यात पोराची कला नाही, बापाचे कॉन्टॅक्ट मोजले जातात.

महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा, म्हणजे शाळांच्या फीवर नियंत्रणाचा, २०११ चा कायदा २०१४ मध्ये लागू झाला, त्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ सक्तीचे केले. त्यामुळे आमच्या बैठकांत फी, बस आणि गणवेश यांपलीकडे गाडी सरकत नाही, हेही समजण्यासारखं आहे. पण ही स्पर्धा म्हणजे संघाच्या वर्षभराच्या कामात थेट मुलांशी संबंध येणारी एकमेव गोष्ट. ती तरी धड घेऊ.

समितीपुढे मी लेखी मांडलंय ते असं. चित्रासोबत कविता, फोटो, नाच आणि वस्तू चिकटवून केलेलं काम, सगळं चालेल. प्रत्येक मुलाने शाळेत बसून, बाईंसमोर, चार ओळी लिहायच्या आणि गुण देताना त्या आधी वाचायच्या. पुढचा विषय मुलांकडून मागवायचा. चार ओळी कुठल्याही भाषेत चालतील, कारण आपल्या वर्गांत घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं आहेत आणि मनातलं सांगताना ती मराठीत अडखळतात. समितीतल्या एका दादांनी लगेच विचारलं, "मग ते वाचणार कोण?" रास्त प्रश्न आहे. म्हणून ही पोस्ट. आपल्या शाळेच्या पालकांपैकी ज्यांना तेलुगू, कन्नड किंवा उर्दू नीट वाचता येतं आणि गड्डा संपल्यावर एक शनिवार दुपार देता येईल, त्यांनी मला मेसेज करा. आजी-आजोबा असतील तर फारच छान. मात्र ज्या वर्गात स्वतःचं नातवंड आहे, त्या वर्गाचे कागद कुणालाच मिळणार नाहीत.